चंद्रावरची ठिणगी आणि दुसरी दुर्बीण

५ मार्च, जेवणाआधी
म्हणे धरत नाही. का नाही धरत? काल रात्री चंद्राच्या अंधाऱ्या भागावर दगड आपटला, ठिणगी उडाली, माझ्या कॅमेऱ्यात आली. तरी आमच्या आकाश बघणाऱ्या मंडळाचे मास्तर म्हणतात, बाई, एका दुर्बिणीचं आम्ही धरत नाही. मधूनच उपग्रह चमकतो, कॅमेराही फसतो. दुसऱ्या गावातून त्याच सेकंदाला कुणाला दिसली तरच खरी. म्हणजे मी बघितलं ते खोटं, दुसऱ्याने बघितलं की खरं. सबंध संसारात हेच ऐकलं.

दुसरी दुर्बीण लेकीकडे, तिच्या गावी. लग्न करून गेली तेव्हा मोठी दुर्बीण घेऊन गेली, ही धाकटी माझ्या गळ्यात मारली. तिला फोन करणार नाही. जावयाला बिनकामाचा म्हटलं म्हणून तिने वर्षभर बोलणं टाकलंय. खरं लोकांना सोसत नाही.

६ मार्च
फोन केला. दुर्बिणीच्या कामासाठी, बाकी काही नाही. जावयाने उचलला. म्हटलं, घरीच का? म्हणाला, आज सुट्टी आहे आई. रोजचीच असेल.

मग ती फोनवर आली. म्हणाली, परवा रात्री मीही कॅमेरा लावला होता, अजून बघितलं नाही. शनिवारी बघून फोन करते. घसा बसलेला वाटला. विचारलं नाही. कामापुरतंच बोलायचं ठरवलं होतं.

७ मार्च
दुकानात इस्त्री करताना दोन शर्ट करपले. कापडच हलकं. शेजारची शिंपीण म्हणाली, वहिनी, लक्ष कुठंय? म्हटलं, चंद्रावर. हसत सुटली. हसण्यासारखं काय होतं?

संध्याकाळी ढग. तरी गच्चीवर बसले. फोन वर नेला होता, वेळ बघायला.

शनिवारचं ठरवून टाकलं. आधी दगडाचं बोलायचं. मग घशाचं. जावयाचं नावच काढायचं नाही.

८ मार्च
मास्तरांचा फोन. लांबच्या गावातल्या कुणा दातांच्या डॉक्टरने त्याच सेकंदाला तीच ठिणगी पकडली. म्हणाले, बाई, तुमची धरली. ग्रुपवर टाकलंसुद्धा.

पाठोपाठ लेकीचा मेसेज. अभिनंदन आई. मग आता मी बघायला नको ना? शनिवारी जरा कामं आहेत.

लिहिलं, नको. दुसरं काय लिहिणार?

मग मास्तरांना फोन लावला. म्हटलं, दात उपटणाऱ्याला चंद्रातलं काय कळतं? घड्याळ पुढे असेल त्याचं. उपग्रह असेल. कॅमेरा फसतो, तुम्हीच म्हणालात. मास्तर म्हणाले, अहो बाई, तुमचीच तर ठिणगी. म्हटलं, असू दे. तिसऱ्या दुर्बिणीत दिसल्याशिवाय मला धरायची नाही. तिसरी कुणाकडे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला सांगा, बघणं भागच आहे, आणि शनिवारीच बघ. माझं नाव सांगू नका. आणि ती हो म्हणते की नाही ते मला शुक्रवारपर्यंत कळलं पाहिजे.