मधला खांब

१२ एप्रिल २००७, गोंदिया

पोहोचले बाई एकदाची! आमगाव रोडवर राईस मिलवाल्यांचा नवा क्लब, आणि आतली सजावट सगळी माझी. सहा वर्षं नागपुरात साहेबांच्या सहीखाली नकाशे काढले. इथे दाराशेजारी पाटी लागेल, 'अंतर्गत सजावट : अल्का मेश्राम'. उद्घाटन ६ मेला. क्लबचे अध्यक्ष भैयाजी हसत म्हणाले, काम वेळेत तरच पाटी. सुतार दुधराम इटियाडोह धरणाकडचा, म्हातारा, पण हात सोन्याचा. समोर अख्खी काचेची भिंत करायची ठरवली. मजा येणार.

१६ एप्रिल

हॉलच्या मधोमध पुरुषभर उंचीचा लाकडी खांब आहे. छताला टेकत नाही, कशाला आधार देत नाही, नुसता उभा. भैयाजींचं बिलियर्ड टेबल नेमकं तिथेच यायचं. दुधरामने करवत लावायला चक्क नकार दिला. म्हणे इथे पूर्वी बोडी होती, छोटा तलाव, त्याच्या पणज्याने या बाजूला येऊन खोदलेला. बोडी खोदली की तिचं लग्न लावायचं. पाण्यात रोवलेला हा खांब तिचा नवरा. बोडी बुजवली, पण खांबाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. "काऊन कापून राहिल्या, मॅडम? तिले रांडव करता का?"

डोकंच फिरलं माझं. गावातून दोन माणसं आणली, अर्ध्या तासात खांब आडवा. लाकूड इतकं देखणं निघालं की त्यातूनच माझी पाटी कोरायला दिली.

२२ एप्रिल

बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि भिंतींचा रंग वाळत नाही! फक्त खालचा वीतभर. चारही भिंतींवर ओलीची एकच रेघ, काचेवरसुद्धा. लेव्हल लावून पाहिली, केसाचाही फरक नाही. इथल्या एका माणसाला सरळ रेघ मारता येत नाही, आणि ओल बघा. रंगारी माझ्याच तोंडाकडे बघतो.

२७ एप्रिल

रेघ गुडघ्यापर्यंत. दार फुगलं, तीनदा रंधा मारला, पुन्हा अडकतं. वैताग आला आहे. दुधरामने काडी पेटवली आणि हळूहळू खाली नेली. गुडघ्याशी विझली. तीनदा. मी म्हटलं, वारा. पंखे बंद होते. त्याने हत्यारं गोळा केली. "भरून राहिली बोडी. तुमी बी चला, मॅडम." मी नाही गेले. नऊ दिवस राहिलेत, जाऊ कुठे?

२ मे

रेघ कमरेला. टेबल आलं. उचलणारे आठ जण भाताच्या रोवणीच्या चिखलात चालल्यासारखे पाय ओढत होते. फरशी कोरडी ठणठणीत. भैयाजींना फोन केला. "टेन्शन मत लो मॅडम, बढिया हो रहा है." पाटी मात्र लागली. सुंदर दिसते.

४ मे

छातीपर्यंत. ओढणी खाली पडत नाही, तरंगते. पेन्सिल उचलायला वाकले — श्वासच घेता येईना. कुणी मजूर आत येत नाही. मला भीती वाटते. पण सहा वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली — आता सोडणार नाही. दोनच दिवस.

६ मे, सकाळी ११

शेवटचा पडदा लावायला आले. दार मागे बंद झालं. उघडत नाही. लाथा मारल्या — पाय हळू जातो, जोरच लागत नाही. रेघ गळ्याशी. टेबलावर चढले.

११.२०

गाड्या आल्या. काचेपलीकडे सगळे. ओरडते आहे. आवाज त्यांच्यापर्यंत — ते हात हलवतात. हसतात. मीही हात हलवते आहे असं वाटतंय त्यांना.

टेबलावर उभी, तरी छातीपर्यंत. टेबल बरोबर मधोमध. खांबाच्या जागी. मी —

गळ्याशी. वही डोक्यावर धरून

भैयाजींनी पाटीला हार घातला. माझ्या नावाला. सगळे फुलं टाकताहेत, टाळ्या वाज