मंदाच्या हिरड्या

२ जाने. १९८९
यंदाचा संकल्प : मंदाचं लग्न. मानपाड्याचे लोक पंधराला बघायला येणार. मुलगा शिवराम, कंपनीत फिटर. मंदाच्या फिटबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं घरात जाहीर केलं.

३ जाने.
अडचण एकच. फिटच्या गोळ्यांनी पोरीच्या हिरड्या सुजल्यात. हसली की दातांआधी त्याच दिसतात. ठाण्याच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, गोळी बदलू, पण हळूहळू. एकदम बंद केली तर जिवावर बेतेल. हळूहळू! यांना मुलगी नसावी.

४ जाने. दुपारी
शांतपणे विचार केला. दोन वर्षांत फिट नाही, म्हणजे बरी झाली. केमिस्टकडून कॅल्शियमच्या तशाच पांढऱ्या गोळ्या आणून बाटलीत भरल्या. हिला बोललो नाही. बायका उगाच घाबरतात.

७ जाने.
मंदाच्या हातून कप पडला. म्हणे, हाताला झटका बसल्यासारखं झालं. थंडी आहे. हिरड्यांत फरक वाटतो. निदान एका बाजूला.

११ जाने.
हिने विचारलं, "पोरीला गोळ्या देता ना?" म्हटलं, एक दिवस चुकलो नाही. खरंच आहे.

१५ जाने. रविवार
पाहुणे आले. मंदा पोहे घेऊन आली, हसली. हिरड्या होत्या तशाच. मग ताटासकट पडली. शुद्धीवर यायच्या आत दुसरी फिट, टेम्पोत तिसरी. मी म्हणत राहिलो, उपास होता, उपास होता. तिला कुशीवर धरून बसला होता तो शिवराम. देवा, पोर वाचव.

१६ जाने. हॉस्पिटल
अजून बेशुद्ध. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? नाही म्हणालो. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. गोळ्यांचं रक्तात कळतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

१८ जाने.
मंदाने डोळे उघडले. दुपारी रिपोर्ट आला. रक्तात औषध नावालाही नाही. लॅब चुकली असेल, असं म्हणणार होतो. ही माझ्याकडे बघत होती. सांगून टाकलं. ही उठून मंदाच्या उशाशी जाऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ जाने.
मंदाला घरी आणलं. निघताना डॉक्टरांनी तिला आणि आईला बसवून गोळ्यांचं सगळं नीट समजावलं. मला म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा. मानपाड्याहून निरोप नाही.
जेवणानंतर मीच पाण्याचा ग्लास आणि गोळी घेऊन गेलो. नवीन पाकिटातली, खरी. मंदाने गोळी हातात घेतली, उठली आणि आधी आईला दाखवून आली.