शेगडीचा सीन

८ फेब्रुवारी, रविवार

पटकथेच्या वर्गाचा दुसरा दिवस, आणि पहिली शोभा! मी लिहून नेलं होतं — 'तिला फार अपराधी वाटतं.' सरांनी अख्खी ओळ उडवली. (त्यांना आम्ही खोडरबर म्हणतो. पाठीमागे, अर्थात.) म्हणाले, "वाटतं म्हणजे कुठे दिसतं? कॅमेरा काय टिपणार? ती करते काय, ते लिहा."

चष्म्याच्या दुकानात दिवसभर 'आता दिसतंय का?' असं विचारणारी बाई मी. आणि मलाच हे दिसलं नाही.

१० फेब्रुवारी

नियम घोकले. प्रत्येक सीनच्या डोक्यावर तीन गोष्टी — आत की बाहेर, जागा कुठली, वेळ कुठली. खाली वर्तमानकाळात फक्त दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. सोपं वाटतं. वाटतंच फक्त.

गोष्ट मात्र हाताशी आहे, आमच्याच घरची. अण्णांचा फर्निचरचा कारखाना जळला, ती. अण्णांना सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दादा अण्णांची औषधं घेऊन आला. उंबऱ्यापाशीच उभा. अण्णा असतील त्या घरात तो सव्वीस वर्षं पाऊल टाकत नाही. गोळ्या जेवणानंतर द्यायला सांगितल्या आणि गेला. टेम्पो चालूच ठेवला होता. आतून अण्णांनी विचारलं, कोण होतं? आवाज चांगला ओळखतात!

१५ फेब्रुवारी, रविवार

सात सीनची सात कार्डं सरांपुढे मांडली. दुपार. कारखान्यात विजेच्या शेगडीवर लाकूड चिकटवायचा सरस तापतोय. मग आग. वडील सगळ्या कामगारांसमोर मोठ्या मुलाच्या कानाखाली वाजवतात, कारण शेगडी बंद करायचं काम त्याचं. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणतात. मुलगा खाली मान घालून घर सोडतो. धाकटी बहीण दारामागून बघते.

सरांनी कार्डं दोनदा चाळली. "ही बहीण सगळ्या सीनमध्ये आहे आणि काहीच करत नाही. एक तर तिला काढून टाका, नाहीतर ती काय लपवतेय ते लिहा."

बाकीच्यांच्या कार्डांवर काय चर्चा झाली, एक अक्षर आठवत नाही.

१७ फेब्रुवारी

कार्ड कोरंच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आधी इथे लिहिते, साध्या शब्दांत. शेगडी मी लावली होती.

अकरा वर्षांची होते. मैत्रिणीची लाकडी पट्टी माझ्या हातून मोडली होती, ती गुपचूप चिकटवायची होती. दादाने शेगडी बंद केलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती! तो जेवायला गेला, तेवढ्यात मी लावली, पट्टी चिकटवली आणि धूम ठोकली. बंद केली का? आजही आठवत नाही. दादाला मारलं तेव्हा दारामागे ती पट्टी माझ्या हातातच होती. ती मी पाठीमागे लपवली.

त्याचा हात अण्णांपेक्षा साफ आहे, असं कामगार म्हणायचे. आता तो दुसऱ्यांनी केलेलं फर्निचर टेम्पोतून घरोघरी पोचवतो. माझ्यामुळे.

कार्ड लिहिलं. शेवटची ओळ — मुलगी बाहेर पळते. शेगडीची तार लालभडक.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दादाला म्हटलं, आत ये ना. हसला नुसता. उलट मलाच विचारलं, तोंड का उतरलंय? सांगणारच होते. तेवढ्यात टेम्पोमागे अडकलेल्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि दादा पळाला. मला हायसं वाटलं. त्याचीच लाज वाटतेय आता.

२२ फेब्रुवारी, रविवार

वर्गाला दांडी. दुपारी अण्णांसमोर बसले. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचायला लागले — आत. कारखाना. दुपार. लालभडक तारेपाशी आले आणि अण्णांनी हात वर केला. वाटलं, आता माझी पाळी. म्हणाले, पुरे. भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. जेवले नाहीत.

बापाला या वयात हे ऐकवलं मी! पण आधी ऐकवायला हवं होतं. सव्वीस वर्षं आधी.

२३ फेब्रुवारी

सकाळी चहा पुढे ठेवला. अण्णा म्हणाले, "तुझी शेवटची ओळ चुकलीय. मी जेवून आलो तेव्हा शेगडी गार होती. खुर्चीचा पाय चिकटवायला मीच लावली. आठवलं तेव्हा पोरगा घर सोडून गेला होता."

मग म्हणाले, फोन लाव त्याला. लावला. पलीकडून दादाचं "हॅलो, बोल गं" आलं. फोन अण्णांच्या हातात होता.