दोन निळे

माय,

पहाटे चुलीजवळ बसून तू काचेची नळी चिमट्यात धरायचीस. नळीत दवाखान्यातून आणलेलं निळं औषध आणि त्यात माझ्या लघवीचे आठ थेंब. उकळी आली की रंग फिरायचा. साखर नसेल तर निळाच राहायचा, असेल तर हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि फारच असेल तर विटेसारखा लाल. तुला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या दिवशी जो रंग दिसेल त्या रंगाच्या सुताचा तुकडा तू मागाजवळच्या दोरीला बांधायचीस. रोज एक गाठ. महिना झाला की ती दोरी पिशवीत घालून आपण दवाखान्यात जायचो. डॉक्टर पहिल्यांदा हसले होते. पुढे मात्र रोजचा रंग मी लिहून ठेवायचे त्या वहीआधी ते तुझी दोरी मागायचे, आणि मला त्याचा राग यायचा.

मला अकराव्या वर्षी मधुमेह झाला तेव्हापासून तुझा माझ्यावर भरवसा नव्हता. शाळेतून आले की तू माझं तोंड हुंगायचीस. कुणाच्या लग्नातून परतलो की माझी बोटं चिकट आहेत का ते बघायचीस. एकदा घरामागे संत्र्याची सालं सापडली. तू ती बहिणीला आणि मला दोघींनाही दाखवलीस, पण बघत होतीस फक्त माझ्याकडे. संत्रं बहिणीनं खाल्लं होतं. तेव्हा मी खरंच दीड भाकरीवर दिवस काढत होते, सुई उकळली की न सांगता मांडी पुढे करत होते, आणि तरीही आपल्या घरात चोर मीच होते. हे मी तुला सुनावते आहे असं समजू नकोस. पुढचं सांगायला मला कुठून तरी सुरुवात करायची आहे.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कॉलेजचं श्रमदानाचं शिबिर निघालं, उमरेडच्या पुढे एका खेड्यात, दहा दिवस. विहिरीतला गाळ काढायचा, संध्याकाळी बायांना अक्षरं शिकवायची. आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि शिकले ते वस्तीपर्यंत पोचवायचं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस निळा राहिला तर जा. पहिले चार दिवस पिवळा आणि नारिंगी आला. तू गाठी मारत होतीस आणि मला वाटत होतं, हिला आतून बरंच वाटतं आहे, पोरगी घरात राहील.

पाचव्या दिवसापासून मी लघवीच्या बाटलीत माठातलं पाणी भरून तुला देऊ लागले.

तू नळी उजेडाकडे धरून किती वेळ बघत बसली होतीस. "हा निळा मले पटून नाही राहिला," म्हणालीस. मी विचारलं, काहून. "लघवीचा निळा जरासा गढूळ रायते वं. हा तर निवळ हाय." मी वही काढली आणि निळा असं लिहिलं. पण दोरीला तू जो धागा बांधलास तो नेहमीचा निळा नव्हता, त्याहून फिकट होता. पुढच्या प्रत्येक सकाळी तू तसाच फिकट धागा बांधत गेलीस.

दवाखान्यात तू ते धागे वेगळे करून डॉक्टरांपुढे धरलेस. "सायेब, हे येगळे हायेत. पोरीले इचारा."

मी प्रमाण भाषेत, कॉलेजात बोलावं तसं बोलले. "सर, मागावर बसून बसून आईचे डोळे गेलेत. तिला आता रंग नीट कळत नाहीत."

डॉक्टरांनी माझी वही पाहिली, दोरी बाजूला ठेवली. तुला डोळे तपासून घ्यायला सांगितलं आणि माझं इन्सुलिन चार युनिटनं कमी केलं.

शिबिरात भात होता, गुळाचा चहा होता, उन्हातलं काम होतं. आठव्या दिवशी मला पाणी पुरेना, मग उलट्या सुरू झाल्या. दोन मैत्रिणींनी एस.टी.त आडवं घालून मला नागपूरला आणलं. शुद्धीवर आले तेव्हा तू खाटेशी बसली होतीस. रंग बघण्यातच चूक झाली असणार, असं डॉक्टर तुला सांगून गेले होते. तू माझा हात धरून म्हणालीस, "नारिंगी असन ते, पोरी, अन् मले निळं दिसलं. माह्या डोळ्यानं दगा देल्ला."

मी डोळे मिटून घेतले. तुला वाटलं मी झोपले.

त्यानंतर नळी तू धरायचीस आणि रंग बहिणीला विचारायचीस. आता मी शाळेत विज्ञान शिकवते, माझी नळी मीच तापवते, आणि मला एक संशय छळतो. निळ्यानिळ्यातला फरक ओळखणारी बाई नारिंगीला निळा समजेल हे तुला खरंच पटलं होतं का? की खाटेवर पडलेल्या पोरीला खोटं ठरवण्यापेक्षा स्वतःचे डोळे आंधळे म्हणणं तुला सोपं वाटलं? तुला कळलेलं होतं, असं धरलं तर मला लाज वाटते. कळलं नव्हतं असं धरलं तर त्याहून जास्त.

तुझे डोळे खरे की माझी वही, ते तू मला एकदा विचारलंस, असं आता वाटतं. त्या आजारपणानंतरची एक दुपार होती. विणकाम देणाऱ्या शेटनं लुगड्याच्या किनारीसाठी दिलेलं रंगीत सूत तुझ्या मांडीवर होतं. दोन धागे बोटांवर ताणून तू माझ्यापुढे धरलेस. "हे दोन्ही एकच हायेत ना वं?"

मी हो म्हणाले. तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस, मग सूत गुंडाळलंस आणि संध्याकाळी शेटला परत करून आलीस. तेव्हापासून जाईपर्यंत तू पांढरे पंचेच विणलेस.

तू गेलीस, आता हे पत्र वाचून दाखवायलाही कुणी नाही. बहिणीला मी दाखवणार नाही. माय, धागे वेगळे होते. एक आभाळी होता, एक मोरपंखी. तू विचारायच्या आधीच मला ते दिसलं होतं.