पंधरा लिटरची तयारी

सोमवार, ४ मार्च
लेकीला नोकरी लागली. लांबच्या शहरात. सत्तावीस तारखेला निघणार. मी खूश आहे. हे इथे लिहून ठेवतो, कारण घरात दोनदा सांगितलं तर दोन्ही वेळा आमची ही म्हणाली, मग चेहरा असा का?

जेवताना लेक म्हणाली, बाबा, मी जायच्या आधी एकदा माझ्याबरोबर टेकडीवर चला. ती दर रविवारी सकाळी जाते. टेकडी आमच्या गॅलरीतूनच दिसते, पाण्याच्या टाकीच्या उजव्या हाताला. इथे राहायला येऊन बारा वर्षं झाली, मी अजून वर गेलेलो नाही. रविवारी दुकानातला माल बघायचा असतो. आणि टेकडी काय, पळून थोडीच जाते.

लगेच हो म्हणालो. तिचा चेहरा असा काही उजळला की मी पुन्हा एकदा हो म्हणालो. येता रविवार पक्का.

ती म्हणाली, काही नको, पाण्याची बाटली घ्या आणि चला. शून्यातून हार्डवेअरचं दुकान उभं केलेल्या माणसाला असलं काही सांगायचं नसतं. नुसती बाटली घेऊन निघणारी माणसंच नंतर माझ्या काउंटरवर धापा टाकत येतात. आधी तयारी, मग चढण.

मंगळवार, ५ मार्च
आमच्या लेनमधल्या बॅगवाल्याकडे गेलो. दोन तासांच्या चालीला पंधरा लिटर पुरेल, म्हणाला. बॅगा लिटरमध्ये मोजतात हे आज कळलं. मी आजवर रंग आणि टर्पेंटाइनच लिटरने विकलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. वीस नाही का, असं विचारलं. तो चमकला. समोर जाणकार आहे हे त्याने ओळखलं.

मग पावसाचं कव्हर दाखवलं. पाऊस नाही, म्हटलं. तो म्हणाला, साहेब, पाऊस आल्यावर कव्हर शोधणार का? हे वाक्य माझं आहे. मीच त्याला शिकवलं होतं, तो नवा असताना, चहा पिता पिता. एकटी वस्तू दुकानाबाहेर जाता कामा नये. खिळा न्यायला आलेला हातोडी घेऊन गेला पाहिजे. म्हणजे त्याची चाल मी तिथल्या तिथे ओळखली. ओळखल्यावर ती आपल्यावर चालत नाही.

पंधराच्या बॅगेबरोबर कव्हरही घेतलं. स्वतःच्या मर्जीने. शिवाय कमरेचा पट्टा, छातीचा पट्टा आणि घडी होणारं एक आसन.

शुक्रवार, ८ मार्च
बाकीचं घरचंच. म्हणजे दुकानातलं. टॉर्च, जादा सेल, नायलॉनची दोरी, चिकटपट्टी, पक्कड असलेला चाकू. चाकूला कॉर्क काढायचा स्क्रूसुद्धा आहे.

लेकीने विचारलं, सकाळी सहाला निघून आठला परत येणार, मग टॉर्च कशाला? म्हटलं, अंधार काय सांगून येतो? ती म्हणाली, बाबा, अंधार एवढाच काय तो सांगून येतो. रोज.

बोलायला चलाख आहे. माझ्यावर गेली आहे.

रविवार, १० मार्च, सकाळी ५.५०
सगळं तयार. बूट नवे. डावा चावतोय.

सकाळी ६.१५
छातीचा पट्टा लागत नाही. खरं तर लागतो, पण मग श्वास लागतो. अर्ध्या तयारीने निघणं हा लेकीचा अपमान झाला असता. पुढचा रविवार ठरवला. ती म्हणाली, बरं. एकटीच गेली.

सकाळी ८.१०
आली. गाल लाल, केस उडालेले, भूक भूक करत. मीही इकडे रिकामा बसलो नव्हतो. सगळे पट्टे मापात करून ठेवले.

बुधवार, १३ मार्च
दुर्बीण घेतली. शिट्टी घेतली. वाट चुकल्यास आरशाने उजेड पाडून इशारा देता येतो, म्हणून छोटा आरसाही घेतला. ही म्हणाली, वाट एकच आहे आणि तिला कठडा आहे. मग दुर्बीण हातात घेऊन म्हणाली, दुरून डोंगर साजरे होतेच, आता जवळून साजरे दिसतील, बाहेर पडायचं कारणच उरलं नाही.

नंतर फोनवर बहिणीला सांगत होती. मी बाथरूममध्ये होतो, नळ बंद ठेवून. माझे कान पहिल्यापासून तयार आहेत. गिऱ्हाईक दाराबाहेर बायकोला काय भाव सांगतो ते ऐकूनच मी धंदा केला. ही म्हणत होती, अगं, त्यांना भीती टेकडीची नाही. पोरीबरोबर गेले की तिचं जाणं खरं होईल ना, म्हणून ही सगळी खरेदी.

बायकांना सामानातलं कळत नाही.

शनिवार, १६ मार्च
सराव केला. आधी बॅग दुकानातल्या खिळ्यांच्या काट्यावर ठेवली. नऊ किलो. चांगला भरीव आकडा. मग पाठीला लावून आमच्या इमारतीचे जिने चढलो. दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. बॅगेकडे बघून आवाज खाली आणून म्हणाल्या, वहिनींशी काही झालं का? एवढं टोकाला जाऊ नका हो, मी बोलू का त्यांच्याशी?

तिसऱ्या मजल्यावर आसन उघडून बसलो. आसन उत्तम आहे.

रविवार, १७ मार्च, सकाळी ५.३०
वजन कमी करायचं ठरलं. सगळं पलंगावर काढलं.

सकाळी ६.२०
दोरी बाहेर ठेवली. मग वाटलं, नेमकी दोरीच लागली तर? परत घातली. टॉर्च काढली, घातली. माझ्या दुकानात पहिल्या दिवसापासून पाटी आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बॅगेतून वस्तू काढायला गेलो की ती पाटी डोळ्यांसमोर येते. आता गिऱ्हाईकही मीच आणि दुकानदारही मीच. कोणी कोणाचं ऐकायचं?

लेक दारात उभी होती. बूट घातलेले. घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, बाबा, पुढचा रविवार शेवटचा. रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागाला माझ्याकडे उत्तर असतं.

पुढच्या रविवारी जाणार. आता काळ्या दगडावरची रेघ.

गुरुवार, २१ मार्च
बॅगवाला रस्त्यात भेटला. कसा झाला ट्रेक, म्हणाला. मस्त, म्हटलं. मग तो म्हणाला, गुडघ्याचे पट्टे घेऊन ठेवा, उतरताना जोर गुडघ्यांवर येतो. हे मला सुचायला हवं होतं. चढण्याच्या नादात उतरण्याचा विचारच राहून गेला होता. घेतले.

शनिवार, २३ मार्च, संध्याकाळी
उद्या सकाळी घाई नको म्हणून बॅग दाराशी नेऊन ठेवायला वाकलो.

सरळ झालो नाही.

शनिवार, नंतर
आमचे नेहमीचे डॉक्टर येऊन गेले. आठवडाभर काही उचलायचं नाही. काय उचललंत, असं विचारलं. थोडं सामान, म्हटलं. ते बॅगेला अडखळले. कुठे परदेशी निघालात का, म्हणाले. हिने गॅलरीतून टेकडी दाखवली. डॉक्टरांनी टेकडीकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं, आणि गोळ्या लिहून दिल्या. शहाणा माणूस.

रविवार, २४ मार्च, सकाळी ६.००
लेकीबरोबर ही गेली. रोजच्या चपला, हातात कापडी पिशवी, त्यात पाणी आणि केळी. म्हटलं, जाऊ देत. अनुभव हाच गुरू.

माझी योजना तयार आहे. मी गॅलरीत, त्या दोघी टेकडीवर. दुर्बीण, आरसा, शिट्टी. म्हणजे एका अर्थी बरोबरच.

सकाळी ६.५०
दुर्बीण बॅगेच्या तळाशी होती. वरचं सगळं काढावं लागलं. वाकता येत नसल्याने वेळ गेला.

सकाळी ७.१५
दिसली! माथ्यावर लाल टोपी. लेकीने टोपी घेतलेली दिसते, मला बोलली नाही. आरसा चमकवला. शिट्टी वाजवली. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. मी हात हलवला, तिनेही हलवला! मी दोन्ही हात हलवले, तिनेही दोन्ही हलवले! बराच वेळ चाललं. पाठ दुखली, पण सोडवेना. इतकं मनमोकळं आम्ही गेल्या कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

सकाळी ७.३०
हात हलवत असतानाच मागून लेक म्हणाली, बाबा, कोणाला हात करताय?

दोघी केव्हाच खाली आल्या होत्या. टोपी बिपी काही नाही.

ही म्हणाली, पोरगी वर कठड्याशी किती वेळ उभी होती, आपल्या गॅलरीकडे बघून हात करत होती, तुम्ही बाहेरच आला नाहीत. कधी, असं विचारलं. पावणेसातला.

तेव्हा मी दुर्बीण शोधत होतो.

लेक आत गेली. पलंगावरची दोरी नीट गुंडाळून ठेवली तिने.

बुधवार, २७ मार्च
तिला पोचवून आलो. सकाळी तिची हातातली बॅग फाटली. चेनच उसवली. सगळी धावपळ. मी म्हटलं, माझी घे. पाठीचं विसरून ती उलटी करून पलंगावर ओतली. तिने आपले स्वेटर, कागद, चार्जर भरले. बरोब्बर मावलं. पंधरा लिटर. माझा अंदाज चुकत नाही.

छातीचा पट्टा मी लावून दिला. तिला पहिल्या झटक्यात लागला.

शिट्टी बाहेरच्या कप्प्यात ठेवली, न सांगता. गेटवरून वळून म्हणाली, टेकडी कुठे पळून जात नाही, बाबा. आईबरोबर जा.

माझंच वाक्य. टेकडी नाही जात, हे खरं आहे.

शनिवार, ३० मार्च
पाठ बरी. ही म्हणाली, उद्या सहाला. म्हटलं, बॅग नाही. पिशवी आहे, म्हणाली. पिशवीला पावसाचं कव्हर मिळतं का, ते बॅगवाल्याला विचारणार होतो. हिने चप्पल लपवून ठेवली.

रविवार, ३१ मार्च, सकाळी ९.००
जाऊन आलो.

अर्ध्या तासाची टेकडी. वाट एकच, तिला कठडा. वर सपाटी आणि दोन बाक. मी म्हटलं, एवढीच होती? ही म्हणाली, एवढीच होती.

तिथूनच लेकीला फोन लावला. पोचलो, म्हटलं. माझे कान तयार आहेत, म्हणून पलीकडे नाक ओढलेलं ऐकू आलं. मग तिने विचारलं, काय काय नेलंत? म्हटलं, पाणी, केळी आणि तुझी आई. हिने फोन ओढून घेतला आणि सांगितलं, मी यांना आणलंय.

बाकावर एक आजोबा होते. लाल टोपी घातलेली. रोज येतात, म्हणाले. मग काठीने खाली बोट दाखवून सांगायला लागले, त्या टाकीच्या बाजूला ती तिसरी गॅलरी दिसते ना, तिथे एक गृहस्थ आहे. गेल्या रविवारी आरसा चमकवून हाका मारत होता. मी हात केला, तर बिचारा दोन्ही हात करायला लागला. थांबेचना. घरात बोलायला कोणी नसेल हो. असतात एकेकटी माणसं.

मी म्हटलं, असतात.

ही टाकीकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते.

आजोबा म्हणाले, आठवडाभर दिसला नाही, बरा असेल ना? आज तुम्ही आहात, तर तुम्हीही करा हात. आत असेल, बघेल कदाचित. तेवढंच त्याला बरं वाटेल.

गॅलरी रिकामी होती. दाराशी पलंगाची कड दिसत होती, दुर्बिणीशिवाय.

मी हात केला.