चार हजार वर्षांपूर्वीचं इलॅस्टिक

ता. ४ जानेवारी
चि. मास्तर यास शिंपीण अक्काचे आशीर्वाद.
पत्र पोचलं. तुझ्या वर्गातली चाळीस पोरं एक दिवस चार हजार वर्षांपूर्वीच्या नगरात राहणार, दळणार, विटा पाडणार. झकास. पण कपड्याला टाका नको, नाडी नको, नुसतं गुंडाळायचं? मग शिंपिणीला कशाला लिहिलंस? सात वर्षांचं पोर वीट उचलेल का कंबर धरेल? मी आतून इलॅस्टिक घालते, कुणाच्या बापाला कळत नाही.
लोभ असू दे, जमलं तर अक्कलही.
अक्का

ता. ९ जानेवारी
ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.
त्या काळी इलॅस्टिक नव्हतं. मुलांना खोटं शिकवायचं नाही. मोठ्या बाई स्वतः बघायला येणार आहेत आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते त्याच दिवशी ठरवणार. पाया पडतो, नुसती एक्केचाळीस कापडं पाठव. शेवटचं माझं, मी नगरप्रमुख.
रागाव, पण माया आटवू नकोस.
तुझा धाकटा

ता. २ फेब्रुवारी
ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.
गठ्ठा तू मुद्दाम त्याच सकाळी पोचवलास ना? बघतो तर सगळ्यांना आतून इलॅस्टिक! मुलं तोवर कपडे घालून पळालीसुद्धा. माझं तेवढं मी ब्लेडने उसवलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.
मुलांनी पीठ दळलं, नाकात घातलं. एकाने माठाच्या बदल्यात दोन शेळ्या घेतल्या. शेळ्या झालेल्या मुली जायला तयार होईनात. पण चाळीसही नागरिक शाबूत. मग बाई आल्या. मी दोन्ही हात वर करून स्वागत केलं.
पुढचं लिहवत नाही. आत तुझ्याच हातची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती. एका शेळीने विचारलं की ही कोणत्या काळातली. बाई हसता हसता विटांवर बसल्या. विटा ओल्या होत्या.
काल कागद आला. कायम झालो! खाली बाईंनी हाताने लिहिलंय की पुढल्या वर्षी मध्ययुग करा, मात्र कपड्यांचं बहिणीवर सोडा.
माया आहे तशीच ठेव.
तुझा धाकटा

ता. ७ फेब्रुवारी
चि. कायम मास्तर यास आशीर्वाद.
बातमी वाचून मशीनवरच डोळे पुसले, गिऱ्हाइकाची बाही भिजली. मध्ययुगातल्या अंगरख्याला नाडी ओवली, वर पट्टाही शिवला. ते ब्लेड आधी टपालाने इकडे पाठव, मगच अंगरखा मिळेल.
मी चौथी नापास, पण एक सांगते. त्या लोकांकडे इलॅस्टिक नव्हतं, कारण त्यांना गाठ मारता येत होती. सुट्टीत घरी आलास की तुझ्या बुटांचे बंद अजून कोण बांधतं, ते मी बाईंना कळवलेलं नाही.
माझ्यावर लोभ ठेव, म्हणजे कळवणारही नाही.
अक्का