भुऱ्याला पळवू नकोस

दादा,

तू झोपलायस म्हणून लिहून ठेवते, मी कामावर निघाले. भुऱ्याला इंजेक्शन देऊन आणलंय. कुत्र्यांचे डॉक्टर म्हणाले, डास चावून झालेल्या जंतांनी त्याच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या पार खराब केल्यात, हृदयही थकलंय. आता जंत मरतील, पण त्यांचे तुकडे रक्तवाहिनीत अडकले तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून महिनाभर त्याला अजिबात पळवायचं नाही, जिन्यावरून उचलूनच न्यायचं.

हे जंत होऊ नयेत म्हणून दर महिन्याची गोळी वहिनी न चुकता द्यायची. ती माहेरी गेल्यापासून ना तू दिलीस, ना मी. आता भांडायचंही त्राण नाही माझ्यात.

तिला मीच फोन केला. आधी रडली, मग म्हणाली, "संध्याकाळी येते त्याला बघायला."

मी मुद्दाम उशिरा येईन. तू घरीच थांब आणि दाढी कर.

— छोटी